टाकीचा पंप कंट्रोलर एसएमडीवर नेताना

प्रश्न: मी सोसायट्यांसाठी पंप कंट्रोलर बनवतो. गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की चालू. बोर्ड एका बाजूला तांब्याचे ट्रॅक असलेला, भोकांत पाय घालून सोल्डर केलेला: ७८०५ रेग्युलेटर, ५५५ टायमर आयसी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले. ऑर्डर वाढल्यात, म्हणून सगळा बोर्ड एसएमडीवर (भोकांशिवाय थेट पॅडवर सोल्डर होणाऱ्या छोट्या भागांवर) न्यायचा आहे. सोल्डरिंग हातानेच करतो. जुने ट्रॅक तसेच ठेवून नुसते फूटप्रिंट (भाग बसवायच्या पॅडची मांडणी) बदलले तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: चालणार नाही. तुमच्या जुन्या बोर्डावर ५५५ वरून बसतो आणि ट्रॅक खालून जातात. एसएमडी आयसी थेट तांब्याच्या बाजूलाच बसतो, म्हणजे त्या बाजूने पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा पडतो. शिवाय रेझिस्टरच्या पोटाखालून तुम्ही दोन-तीन ट्रॅक सहज काढले असतील. १२०६ मापाच्या एसएमडी रेझिस्टरच्या खालून जेमतेम एक निघतो. त्यामुळे सर्किट तेच ठेवा, पण लेआउट कोऱ्या पानावरून आणि दोन बाजूंच्या बोर्डावर करा.

आणि ‘सगळा’ बोर्ड कशाला? रिले, फ्यूज, मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि स्क्रू टर्मिनल भोकांतच राहू द्या. पंपरूममध्ये प्लंबर सेन्सरची वायर ओढतो तेव्हा तो जोर नुसत्या पॅडवर आला, तर पॅड तांब्यासकट उखडतं. रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूलाही जागा वाचवू नका. तिथे मी ६ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर कधीच ठेवत नाही.

बीसी५४७च्या जागी बीसी८४७ येईल. सपाट बाजू समोर धरली की ५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ८४७मध्ये १ बेस, २ एमिटर आणि समोरचा एकटा पाय कलेक्टर.

खरी काळजी रेग्युलेटरची घ्या. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट करताना १०० मिलिअँपिअर घेतले, तर ०.७ वॅट उष्णता होते. उभा ७८०५ ती हवेत सोडतो; एसएमडी रेग्युलेटरला बोर्डावरच्या तांब्याशिवाय आधार नाही, आणि मे महिन्यात बंद डब्यात हवाही गरमच. म्हणून डीपॅकमधला (धातूची सपाट पाठ असलेल्या एसएमडी पॅकेजमधला) ७८एम०५ घ्या. त्याची पाठ ग्राउंडला असते, ती मोठ्या ग्राउंड तांब्यावर सोल्डर करा आणि खालच्या थरापर्यंत भरपूर व्हाया (दोन थर जोडणारी बारीक भोकं) द्या. दुकानदार १११७ हा रेग्युलेटर पुढे करेल. त्याची पाठ आउटपुटला जोडलेली असते, पायांचा क्रमही ७८०५पेक्षा वेगळा. ७८०५ समजून लावलात तर त्याचं आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट.

हाताने करताय तर रेझिस्टर १२०६ किंवा ०८०५चेच. १२०६ साधारणपणे पाव वॅटचा, तुमच्या जुन्यासारखाच. ०८०५ त्याच्या निम्मा. त्याहून लहान ०६०३ माझ्या मते तुमच्यासाठी नाहीच, कारण दुरुस्ती करणाराही साध्या सोल्डरिंग गनवरच काम करतो. लॅमिंग्टन रोडवरून सिरॅमिक कपॅसिटर घ्याल तेव्हा पट्टीवर तिथेच किती नॅनोफॅरडचे ते लिहून घ्या. त्यांच्या अंगावर काहीच छापलेलं नसतं. पट्टीतून निघाले की १० आणि १०० नॅनोफॅरड डोळ्यांना सारखेच.

पावसाळ्यासाठी फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) नीट धुऊन कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ थर) मारा, टर्मिनल आधी टेपने झाकून. मोठी ऑर्डर देण्याआधी पाचेक बोर्ड मागवा आणि एक डब्यात बंद करून, रिले चालू अवस्थेत ठेवून दिवसभर चालवा. संध्याकाळी डबा उघडण्याआधीच रेग्युलेटरला आधीच लावलेल्या थर्मोकपलवरचं (तापमान मोजणाऱ्या तारेवरचं) तापमान लिहून ठेवा.