हुकूमशहाला आधी एक कारकून दे

सांगली

चि. लेखकमहाशयांस,
अनेक आशीर्वाद.

हस्तलिखित दोनदा वाचलं. तुटलेला देश, त्याचे सात तुकडे, प्रत्येकाभोवती भिंत आणि डोक्यावर घिरट्या घालणारे ड्रोन. पानं भराभर उलटली, पण भीती काही वाटली नाही रे. ड्रोनचं मला काय? मी यादीला घाबरतो.

तुला ठाऊक आहे, मी पुरवठा शाखेत कारकून होतो. 1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 15,000 पर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढं लाखापर्यंत केशरी, लाखाच्या वर पांढरं. द्राक्षबागेत रोजंदारीला जाणाऱ्या एक बाई आल्या. दाखल्यावर आकडा पडला होता 15,400. म्हटलं, "मावशी, केशरी बसतंय." त्या भांडल्या नाहीत. "साहेब, वरचे चारशे कुठं परत करू?" एवढंच विचारलं. मला हसू आलं. शिक्का मारला. माझ्या कानशिलाला कुणी बंदूक लावली नव्हती. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती, बस्स.

हा हसणारा कारकून तुझ्या कादंबरीत कुठंच नाही. नागरिकांच्या अ, ब, क श्रेणी आहेत, पण त्या ठरवतं कोण? चूक झाली तर अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, ती किती वाजता बंद होते? आणि पिवळ्या कार्डासाठी वशिला लावणारे, स्वतःला कागदावर गरीब ठरवून घेणारे बरे खातेपीते लोक मी पाहिलेत. तुझ्या श्रेणीही लोकांनी अशाच रांगा लावून मागायला हव्यात. 'क'चा 'ब' झाला म्हणून एखाद्या घरात पेढे वाटू देत.

पात्रांची झेड-17 छाप नावं काढ. तो विषय इथंच संपला.

देश का फुटला, हे मात्र तू 'महायुद्धानंतर' या एका शब्दात उरकलंस. आपलाच मुलूख बघ की. 1948 पर्यंत ही नुसती गोधडी होती: सांगली, मिरजेच्या थोरल्या-धाकट्या पाती, जत, औंध आणि मधून मधून इंग्रजांचा सातारा जिल्हा. सांगलीहून बुधगावला गेलं की संस्थान बदलायचं. लोक तसेच नांदत होते, सोयरिकी करत होते. आणि अलीकडं जतच्या सीमेवरची गावं पाण्यावाचून वैतागून कर्नाटकात जायची भाषा करू लागली. 2022 मध्ये त्यावरून दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ झाला! माझ्या मते तुझ्या सीमा कालव्यांच्या दारांवर पडाव्यात. भिंत दुसऱ्या खर्ड्यात आपोआप गळेल. एखाद्या ग्रामसभेत तहान लागलेली माणसं हात वर करून देश सोडतात, हा प्रसंग लिही. मोठा लिही, घाई करू नकोस.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरलाही जाऊन ये. औंध संस्थानानं वसवलेली ही खुली कैदी वसाहत. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. यामागचा हेतू भला होता, गैरसमज नको. पण लेखक म्हणून तिथं उभं राहून विचार कर: भिंत नसताना माणूस पळत का नाही? त्याच्यावर ठेवलेल्या विश्वासाला जागतो म्हणून, की बायकापोरं तिथंच आहेत म्हणून? तुझ्या चौथ्या प्रकरणातल्या पोलादी तुरुंगापेक्षा हा प्रश्न मला जास्त छळतो.

पुढचा खर्डा पावसाळ्यात आण. आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला जाऊ. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका; पुराच्या दिवसांत अख्खी सांगली एकमेकांना हाच आकडा विचारत असते. तुझ्या राजवटीत त्या पट्टीवरचे आकडे रंगवायचं काम कुणाकडं आहे, ते ठरवून ये.

तुझा,
काका