दोन प्रोसेसर सॉकेट, ६४ कोर, भरपूर लोड: लिनक्स ठेवावं, फ्रीबीएसडी घ्यावं की रिअल-टाइम कर्नल?

तुम्ही लिहिलंय की जावाचं अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच मशीनवर आहेत, उबुंटू २२.०४चं मूळ ५.१५ कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे आणि साधारण अर्धे कोर भरले की थ्रुपुट (ठराविक वेळात होणारं काम) वाढायचा थांबतो. माझं मत: लिनक्सच ठेवा, पण त्याची आवृत्ती बदला. तेही आधी मोजून.

पूर्ण लोड असताना 'पर्फ रेकॉर्ड' (वेळ कुठे जातो ते नोंदवणारं साधन) कॉल ग्राफसकट, म्हणजे कोणतं फंक्शन कोणी बोलावलं याच्या नोंदीसकट, अर्धा मिनिट चालवा. अहवालात 'आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ' (लॉकसाठी वाट पाहणारं कर्नलचं फंक्शन) वरच्या ओळींत असेल आणि त्याला बोलावणारं पेज फॉल्टचं (हवं ते मेमरीचं पान अजून जोडलेलं नसलं की कर्नलकडे जाणं) फंक्शन असेल, तर एकाच प्रोसेसचे शेकडो थ्रेड 'एममॅप_लॉक'वर, म्हणजे प्रोसेसच्या सगळ्या मेमरी-नकाशाच्या एकाच लॉकवर, खोळंबलेत. यावर ट्यूनिंगचा फारसा उपयोग होत नाही. कर्नल ६.४पासून (२०२३) प्रत्येक मेमरी-क्षेत्राला स्वतंत्र लॉक आलं, त्यामुळे बहुतेक पेज फॉल्ट त्या मोठ्या लॉकला हात न लावता उरकतात. म्हणून ६.१२ हे एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारं) कर्नल मी आधी लावून बघेन. याउलट 'फ्युटेक्स_वेट'ची (प्रोग्रॅमच्या लॉकसाठी थांबण्याची) गर्दी दिसली, तर भांडण बहुधा तुमच्याच प्रोग्रॅममधल्या लॉकचं आहे. कुठलंही कर्नल ते मिटवणार नाही.

रिअल-टाइम तुमच्यासाठी नाही. त्यात बहुतेक स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू फिरत ठेवणारी लॉक) झोपू शकणाऱ्या लॉकमध्ये बदलतात आणि इंटरप्ट थ्रेडमध्ये चालतात. सर्वात वाईट विलंब आटोक्यात राहतो, पण कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयूने एक काम सोडून दुसरं घेणं) वाढतात आणि एकूण काम कमी होतं. तुम्हाला नेमकं उलटं हवंय: बूट ओळीत 'प्रीएम्प्ट=नन' देऊन बघा. याने कर्नलमधलं चालू काम मध्येच थांबवणं (प्रीएम्प्शन) कमी होतं. कर्नल डायनॅमिक प्रीएम्प्शनसह बांधलेलं असेल तरच हा पर्याय चालतो.

फ्रीबीएसडी कच्चं नाही. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्यावरच चालतात. डिस्कवरून नेटवर्कवर फाइली ओतायच्या असतील तर जरूर विचार करा. पण कंटेनर नेमस्पेस आणि सीग्रूपवर (प्रोसेस वेगळ्या ठेवण्याच्या व त्यांना मर्यादा घालण्याच्या लिनक्सच्या सोयी) बेतलेले असतील तर स्थलांतराचा खर्च फायद्यापेक्षा जास्त पडेल. ओपनबीएसडी इतक्या कोरांसाठी घेऊ नका, कर्नलचे बरेच भाग अजून एका मोठ्या लॉकखाली आहेत.

आवृत्ती बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण लक्षणं सारखीच दिसतात. एक, 'एमपीस्टॅट'मध्ये (प्रत्येक सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) एकाच सीपीयूचा सॉफ्ट-इंटरप्टचा रकाना शंभराकडे आणि बाकीचे मोकळे, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या सगळ्या रांगा तिथेच बांधल्या गेल्यात. त्या वाटून द्या. दोन, नूमा: प्रत्येक सॉकेटला (नोडला) स्वतःची जवळची मेमरी असते, दुसऱ्याची दूर पडते. 'नूमास्टॅट'ला डेटाबेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) द्या. निम्मी मेमरी दुसऱ्या सॉकेटवर असेल तर डेटाबेस एका नोडला आणि जावा दुसऱ्या नोडला बांधा. बांधल्यावर 'कर्नल.नूमा_बॅलन्सिंग' शून्य करा, नाहीतर पानं कुठून वापरली जातात ते कळावं म्हणून कर्नल मुद्दाम फॉल्ट घडवत राहतं. डेटाबेसचा बफर एका नोडच्या मेमरीत मावत नसेल तर मात्र बांधू नका, इंटरलीव्ह करा (पानं दोन्ही नोडवर आळीपाळीने वाटा).

नवं कर्नल लावताना जुनं ग्रबच्या (बूट मेनूच्या) यादीत राहू द्या. ६.६पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ शेड्युलर (कोणता थ्रेड कधी चालायचा ते ठरवणारा भाग) आला आहे, तेव्हा शेड्युलरच्या जुन्या सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंगच्या) ओळी काढून टाका; कोणीतरी इंटरनेटवरून उचललेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच आता अस्तित्वातच नाहीत.