तीस वर्षं जुन्या इमारतीत रिसेल फ्लॅट घेतोय. इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी का, की बँकेचं व्हॅल्युएशन पुरेसं असतं?

करून घ्यावी. आणि बँकेचं व्हॅल्युएशन पुरेसं नसतं. हे दुसरं वाक्य मी घरात इतक्या वेळा बोलून झालंय की आता कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचे धाकटे भाऊजी डोंबिवलीत फ्लॅट घेत होते. नव्वदच्या आसपासची चार मजली इमारत, स्टेशन चालत अंतरावर, बाहेरून ताजा रंग, आत हॉलभर फॉल्स सीलिंग. जागा जावेच्या नावावर करायची होती, कारण बाईच्या नावावर घेतली की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत. नाव तिचं, पण तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, तो विषय वेगळा. माझे वडील आरसीसी कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होते, त्यामुळे जुन्या घरात शिरलं की मी आधी वर बघते. बाथरूमलासुद्धा फॉल्स सीलिंग केलेलं दिसलं तेव्हाच मी म्हटलं, "भाऊजी, विसार द्यायच्या आधी कुणा इंजिनिअरला दाखवा." तर म्हणाले, "वहिनी, बँकेचा माणूस बघून गेलाय. लोन मंजूर झालंय. बँक काय वेडी आहे?"

बँक वेडी नाही. पण तिचा माणूस येतो कशाला? टेप लावून कार्पेट एरिया मोजायला, फोटो काढायला आणि आसपासच्या सौद्यांवरून भाव ठरवायला. उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट कितीला जाईल, एवढंच बँकेला हवं असतं. जुन्या इमारतीत काही बँका "अजून किती वर्षं टिकेल" हेही लिहून मागतात, पण तो आकडा बाहेरून बघून टाकलेला असतो. स्लॅबमधली सळई किती गंजलीय हे बघायला त्याला कुणी पाठवलेलंच नसतं. आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट म्हणाल तर तो टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा. टायटल क्लिअर असलेल्या इमारतीही पडतात.

भाऊजींनी विसार दिलाच. मग माझ्या वडिलांच्या ओळखीतले एक स्ट्रक्चरल इंजिनिअर होते, त्यांना घेऊन मी गेले. त्यांनी बाथरूमच्या सीलिंगमधला दिवा खाली ओढला आणि त्या भोकातून टॉर्च मारला. वर स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळ्या झाकणारा काँक्रीटचा थर, गळून गेलेलं, सळ्या उघड्या. हात घालून स्क्रूड्रायव्हरने एक सळई खरवडली तर खारीसारखे पदर सुटून खाली पडले. वरच्या मजल्याच्या संडासचं गळतं पाणी, दुसरं काय. पाणी सळईला लागलं की ती गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीटला आतून फोडते. घरमालक म्हणाले, "ते सगळ्यांच्याच घरात आहे." हे त्यांनी बचाव म्हणून सांगितलं बरं का!

खाली पार्किंगमध्ये सेक्रेटरींना विचारून इंजिनिअरनी एका कॉलमचा थोडा टवका काढला आणि ताज्या फुटलेल्या जागी एक द्रावण फवारलं. फिनॉल्फ्थॅलिन, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचं तेच. काँक्रीट धड असेल तर ते गर्द गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपला असेल तर काँक्रीटची अल्कली संपते, रंग येत नाही आणि सळईचं गंजापासून होणारं रक्षणही संपतं. आमच्या कॉलमला सळईपर्यंत कुठेच रंग आला नाही. मी सेक्रेटरींना विचारलं, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? सोसायटीच्या आदर्श उपविधीत स्पष्ट आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी, ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी. ते म्हणाले, "करायचंय हो, पण रिपोर्ट आला की महापालिकेची नोटीस येते. मग कुणाला फ्लॅटच विकता येत नाही."

सौदा मोडला. मालकांनी विसारातली मोठी रक्कम कापून घेतली. भाऊजींनी पुढे बदलापूरला घर घेतलं, आणि तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर एकच प्रश्न: "काय वहिनी, पडली का तुमची ती बिल्डिंग?"

नाही पडली. पडेल असं मी म्हटलंच नव्हतं! तिथे दुरुस्ती निघाली आणि प्रत्येकाला लाखांत वर्गणी भरावी लागली, हे मला तिथल्याच एका बाईंकडून कळलं. भाऊजींचा हिशेब असा, की वर्गणी भरूनही आजच्या भावात फायदाच होता. असेलही. पण दोन लहान मुलं घेऊन त्या बाथरूमखाली राहायचं होतं कुणाला, तर माझ्या जावेला. ती लोकलच्या गर्दीला वैतागते, पण या विषयावर आजवर माझ्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही.

आता तुमचं. फ्लॅट एकटा तपासून उपयोग नाही, इमारत बघा: पार्किंगचे कॉलम, डक्ट, टाकीखालचा स्लॅब, गच्ची. गिलाव्यावर टकटक करा, पोकळ वाजला तर विचारा. ऑडिट रिपोर्ट मागा आणि महापालिकेने इमारत कोणत्या वर्गात टाकलीय ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिल्यात घरं खाली करून, सी-३ किरकोळ. मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा, होऊ घातलेली वर्गणी तिथेच सापडते. तळमजल्यावर कुणी भिंती पाडून दुकान किंवा दवाखाना मोठा केलाय का, हे जरूर बघा. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर फेरबदलाचंच काम चालू होतं. आणि वयावर जाऊ नका. महाडची २०२० साली पडलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

इंजिनिअर महापालिकेच्या यादीतला, तुम्ही निवडलेला हवा. दलालाने सुचवलेला तर मुळीच नको. फी इमारतीवर आणि चाचण्यांवर ठरते, पण दलालाला मोजता त्याच्यापुढे किरकोळच.

हेही खरं, की प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्याच्या बारीक भेगा रंगाबरोबर जातात. रिबाउंड हॅमरने, म्हणजे काँक्रीटवर ठोकून ताकद मोजायच्या उपकरणाने, वरच्या थराचाच अंदाज येतो, म्हणून एकाच चाचणीवर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तुम्ही रीडेव्हलपमेंटच्या आशेने घेत असाल तर स्लॅबपेक्षा कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, ते आधी बघा. आणि नव्या इमारतीचा प्रश्न वेगळा, तिथे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेरा कायद्याने बिल्डरवर आहे.

विसाराच्या पावतीवर मात्र लिहून घ्या: तपासणीत इमारतीत दोष निघाला तर विसार पूर्ण परत. भाऊजींनी हे लिहून घेतलं नव्हतं, आणि तेव्हा कापले गेलेले पैसे ते अजून माझ्या नावावर मांडतात.