गुडघेदुखीची नवी गोळी घ्यावी की नाही?

डॉक्टरांनी दुखण्याची नवी गोळी लिहून दिली आहे, मेडिकलवाला ती चांगली आहे म्हणतो, घरातले लोक मात्र ती हृदयाला अपायकारक आहे म्हणतात. मग ती घ्यावी की नाही, हा प्रश्न घेऊन सांधेदुखीचे रुग्ण माझ्यासारख्या समुपदेशकाकडे नेहमी येतात. ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ एवढे एक वाक्य बोलून त्यांची बोळवण करता येईल, पण मी तसे करत नाही, कारण अशा शंकेमागे पुष्कळदा एखादी अशी माहिती असते की जी डॉक्टरांपर्यंत पोहोचलेलीच नसते.

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील एका बासष्ट वर्षांच्या शेतकरी बाईंचा अनुभव या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून त्यांना आपण रुक्मिणबाई म्हणू. सोयाबीनच्या काढणीत दोन्ही गुडघे धरल्यामुळे त्या शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून गुडघ्यांची झीज असल्याचे सांगितले आणि एटोरिकॉक्सिबची ६० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे महिनाभरासाठी दिली. माझ्याकडे आल्या तेव्हा ती पट्टी त्यांनी फोडलेलीही नव्हती. सोबत लातुरात नीटची तयारी करणारा त्यांचा नातू होता आणि त्याने मोबाइलवर वाचून आजीला सावध केले होते. “गोळी काळजाला लागती म्हणं, मॅडम. मग गुडघ्यापायी जीव कामून घालू?” असे त्यांनी मला विचारले.

नातवाने वाचलेले खोटे नव्हते, आणि ते मी आधी मान्य केले. एटोरिकॉक्सिबच्याच ‘कॉक्सिब’ गटातले रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आले, आणि आतड्यातील गाठी रोखण्यासाठी चाललेल्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका व पक्षाघात येण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळल्यावर कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ते जगभरातून मागे घेतले. एटोरिकॉक्सिबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये मान्यता नाकारली, हेही खरे आहे. मात्र युरोपात ते आजही वापरात आहे, आणि तिथल्या अटींपैकी एक अट रुक्मिणबाईंच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरली: ज्यांचा रक्तदाब सतत १४०/९० च्या वर राहतो आणि आटोक्यात आलेला नाही, त्यांना हे औषध द्यायचे नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनाही ते वर्ज्य आहे.

त्यानंतर आजवर दुखण्यावर काय घेत होता, असे मी विचारले, तेव्हा पिशवीतून अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. या गोळ्या त्या कित्येक वर्षे चिठ्ठीशिवाय घेत होत्या आणि फारच दुखले तर बाजाराच्या दिवशी एक सुई टोचून घेत होत्या. या गोळीची त्यांना भीती वाटत नव्हती, कारण ती ओळखीची होती. प्रत्यक्षात अॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन ही एटोरिकॉक्सिबच्याच कुळातली औषधे आहेत, आणि डायक्लोफेनॅकचा हृदयाला असलेला धोका कॉक्सिब गटाच्या औषधांइतकाच असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. कॉक्सिब गोळ्यांनी जठराला व्रण पडण्याची आणि रक्तस्राव होण्याची शक्यता उलट कमी असते, आणि त्या तयार करण्यामागचा हेतूही तोच होता. म्हणजे नवी गोळी नाकारून जुनी चालू ठेवण्यात आपण सुरक्षित बाजूला आहोत, ही घरच्यांची समजूत निराधार होती.

खरी अडचण पिशवीच्या तळाशी होती. गावाजवळच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी त्या तीन वर्षांपासून घेत होत्या आणि त्या एका गोळीत टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधे होती. हाडांच्या डॉक्टरांना हे सांगितले का, असे विचारल्यावर त्या सहजपणे म्हणाल्या, “त्यांनी गुडघ्याचं इचारलं, बीपीचं कशाला सांगू?” त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १५८/९६ भरला.

दुखण्याच्या या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि शरीरात मीठ व पाणी साठवतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि बीपीच्या गोळीचा परिणाम घटतो. त्यातच टेल्मिसार्टन आणि लघवीचे औषध चालू असेल, तर तिन्हींचा मिळून मूत्रपिंडावर ताण पडतो, आणि मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पिऊन शेतात राबणाऱ्या माणसाला तो अधिकच जाणवतो. हे सगळे मी सोप्या भाषेत सांगत असताना रुक्मिणबाईंनीच ते एका वाक्यात आणले: “म्हंजी सोयाबीनचं तणनाशक ज्वारीवर मारल्यावाणी झालं की.”

समुपदेशकाने औषध बंद करायचे किंवा बदलायचे नसते. मी त्यांना एवढेच सांगितले की डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत पट्टी फोडू नका, आणि दुखण्याची जुनी गोळीही घेऊ नका. नुसत्या वेदनाशामकाला एक-दोन दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. (आमवाताच्या रुग्णांनी मात्र हे वाक्य मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाला लावू नये. ते सांध्यांची हानी रोखण्यासाठी दिलेले असते, बहुतेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि भीतीपोटी ते परस्पर बंद केल्याने किंवा चुकून रोज घेतल्याने मोठे नुकसान होते.) मग नातवाकडून एका कागदावर सगळ्या औषधांची नावे आणि मात्रा लिहून घेतल्या, आणि त्याखाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले: माझा रक्तदाब पाहता ही गोळी मला चालेल का, याहून कमी मात्रा पुरेल का, किती दिवस घ्यायची, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची तपासणी) कधी तपासायचे. असे विचारल्यावर डॉक्टर रागावतील, ही धास्ती दोघांनाही होती. आपल्याकडे ती जवळपास प्रत्येक घरात असते आणि माझ्या मते औषधांच्या दुष्परिणामांइतकेच नुकसान तीही करते.

डॉक्टर रागावले नाहीत. कागद पाहताच त्यांनी एटोरिकॉक्सिब थांबवले, क्रिएटिनिनची तपासणी सांगितली, आणि गुडघ्यावर लावण्यासाठी डायक्लोफेनॅकचे जेल दिले, ज्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. त्यासोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आले. बीपीच्या डॉक्टरांनी लघवीचे औषध काढून अॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे दुसरे औषध जोडले. काही महिन्यांनी रक्तदाब १४०/९० च्या खाली स्थिरावला, क्रिएटिनिनही ठीक निघाले, आणि हरभऱ्याच्या काढणीच्या तोंडावर दुखणे वाढले तेव्हा त्याच डॉक्टरांनी तीच एटोरिकॉक्सिब ३० मिलिग्रॅमच्या मात्रेत दहा दिवसांसाठी दिली आणि दोन आठवड्यांच्या आत रक्तदाब मोजून घ्यायला बजावले. पायांवर सूज, धाप, छातीत दुखणे, लघवी कमी होणे किंवा शौचाला काळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा, आणि जुलाब-उलट्यांच्या दिवशी ती घ्यायची नाही, हेही त्यांनी सांगितले. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी केंद्र सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो मी नातवाला दिला.

“मग ती गोळी वाईट होती का चांगली?” असे नातवाने शेवटी विचारले. ऑक्टोबरात ती त्याच्या आजीला चालणारी नव्हती, फेब्रुवारीत चालली, एवढेच मी सांगू शकले.

आधीची ६० मिलिग्रॅमची न फोडलेली पट्टी वाया जाऊ नये म्हणून रुक्मिणबाईंनी ती गुडघे दुखणाऱ्या शेजारणीला द्यायचे ठरवले होते. तिला बीपी आहे का, असे मी विचारले, तेव्हा तिने ते कधीच मोजलेले नाही, असे त्या म्हणाल्या. पट्टी त्यांनी मेडिकलमध्ये परत केली.