पायाने चालणारं जुनं यंत्र चौकोनी भोक कसं पाडतं? पटाशी उलटी फिरवायची मूठ कशासाठी?

तुमचा प्रश्न असा, की मोटार नसलेल्या यंत्रावर कुसवासाठी (कुसू म्हणजे भोकात शिरणारं दुसऱ्या लाकडाचं टोक) चौकोनी भोक कसं पडायचं आणि पटाशीच्या दांड्याला अर्धा फेरा देणारी मूठ का असायची.

पटाशी वरखाली करणं फारसं अवघड नाही. खरी अडचण ढलपीची. तिला सरकायला मोकळी जागा नसेल तर पटाशी अडकते, नाहीतर लाकूड फाटतं.

या अडचणीवरचा एक जुना तोडगा बघा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत 1802 ते 1806 च्या सुमारास अभियंता मार्क ब्रुनेलने आखलेली आणि यंत्रकार हेन्री मॉड्स्लेने बनवलेली यंत्रं बसली. ती जहाजांवरच्या दोरांच्या लाकडी कप्प्या (पुली) बनवण्यासाठी होती. तिथे एल्मच्या ठोकळ्यात आधी गिरमिटाने गोल भोक पाडत आणि पटाशी त्या भोकापासून सुरुवात करी, म्हणजे पहिल्याच घावाला ढलपीला जागा तयार. पटाशी वर गेली की ठोकळा स्क्रूने किंचित पुढे सरके. पटाशीला बाजूंनी छोटी पातीही होती, ती कडा आधीच चिरून ठेवत. कप्पीच्या खाचेचं एक टोक गोल राहिलं तरी चालतं, म्हणून तिथे पटाशी फिरवायची गरज नव्हती. 1808 साली या कारखान्यातून 1,30,000 कप्प्या निघाल्या.

दाराच्या चौकटीला मात्र दोन्ही टोकं सरळ लागतात. तुमची मूठ त्यासाठीच. पटाशीची सपाट पाठ नेहमी टोकाकडे आणि उतरती धार मधल्या मोकळ्या जागेकडे हवी. मधून सुरुवात करा. पहिले दोन-तीन घाव उथळ, मग टोकाकडे सरकत खोल. मऊ लाकडात एका घावाला साधारण 3 मिमी सरका, सागवान किंवा शिसमात निम्मंच. टोकाशी पोचलात की मूठ फिरवून पटाशी 180 अंशात उलटी करा आणि दुसऱ्या टोकाकडे चला. उलटी न करता गेलात तर ते टोक तिरकं राहतं आणि कुसू तिथे टेकतच नाही.

आरपार भोक एकाच बाजूने पाडू नका, खालची कड उचकटते. निम्म्यापर्यंत जाऊन लाकूड उलटवा. पण ते टोकाकडून उलटवा, म्हणजे खूण केलेली बाजू पुन्हा मागच्या टेकणीलाच (लाकूड टेकवायच्या पट्टीला) लागेल. ती बदलली तर दोन भोकं मधे एकमेकांना चुकतात. नवशिक्यांचं निम्मं लाकूड इथेच वाया जातं.

जुनं यंत्र घेताना दोन गोष्टी हाताने हलवून बघा. दांडा सरकपट्टीत डुलत असेल तर भोक खाली रुंदावतं. मुठीची खाच झिजली असेल तर पटाशी पुरती 180 अंशात बसत नाही आणि दोन अर्ध्यांच्या भिंतींत पायरी पडते. पटाशीला धार लावताना तिच्या बाजू घासू नका. रुंदी कमी झाली की भोकही अरुंद होतं आणि कुसू शिरत नाही.

आत गिरमिट आणि बाहेर चौकोनी पोकळ पटाशी ही रचना नंतर रूढ झाली. तिथे चारही कडा एकदम कापल्या जातात, म्हणून मूठ लागत नाही. त्यातही गिरमिटाचं टोक पटाशीच्या साधारण 1 मिमी पुढे ठेवावं लागतं. गिरमिट पटाशीला घट्ट घासलं तर पोलाद तापून निळं पडतं, आणि एकदा निळं पडलं की धार टिकत नाही.