वाचक विचारतात : सगळेच पैसे देणार, मग पक्षापक्षांत फरक कुठे?

प्रश्न : 2024 च्या विधानसभेला महायुतीने लाडक्या बहिणीला 2,100 रुपये सांगितले, महाविकास आघाडीने 3,000. कर्जमाफी दोघांकडेही होती. मग विचारसरणी वगैरे काही उरली आहे का? (मिरज)

पैशांच्या आश्वासनांत फारशी उरलेली नाही. 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर मोठे पक्ष आर्थिक धोरणात जवळ आले. जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक 2011 मध्ये काँग्रेसच्या सरकारने मांडलं, कर लागू केला भाजपच्या सरकारने 2017 मध्ये. विरोधात असताना दोघांनीही त्यात खोड्या काढल्या.

मदत कोणत्या स्वरूपात द्यायची, यात मात्र फरक दिसतो. काँग्रेसचा कल हक्काचा कायदा करण्याकडे असतो. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा, अशी तरतूदच होती. (कल्पना मूळची आपल्याकडची, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा.) भाजपचा कल योजना आखून रक्कम थेट खात्यात टाकण्याकडे. पीएम-किसानमधून शेतकऱ्यांना मिळणारे वर्षाला 6,000 रुपये हे त्याचं ठळक उदाहरण. योजना झटपट सुरू होते, पण तिचे निकष सरकारी आदेशाने बदलता येतात. कायदा बदलायचा तर सभागृहात यावं लागतं. अर्थात कायद्याने हक्क पक्का आणि मजुरी मात्र थकलेली, हेही गावोगाव घडलेलं आहे.

खरी दरी धर्म, जात आणि केंद्र-राज्य संबंध या विषयांत आहे. 2024 चे लोकसभेचे जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवा. समान नागरी कायदा भाजपला आणायचा आहे. काँग्रेस म्हणते, व्यक्तिगत कायद्यांत सुधारणा हव्यात, पण त्या त्या समाजाच्या सहभागाने आणि संमतीने. ‘एक देश, एक निवडणूक’ भाजपला हवी, काँग्रेसने ती कल्पना साफ नाकारली. आरक्षणाची 50 टक्क्यांची मर्यादा घटनादुरुस्तीने उठवू आणि जातनिहाय जनगणना करू, असं काँग्रेसने लिहिलं. भाजपच्या संकल्पपत्रात जातगणना नव्हती. तरी 30 एप्रिल 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जनगणनेत जात मोजायचं ठरवलंच. म्हणून पक्षाची भूमिका सांगताना ती कोणत्या तारखेची, तेही सांगावं.

प्रश्न : जाहीरनामा वाचायची काही पद्धत आहे का? शंभर पानं वाचून डोक्यात काही राहत नाही. (नाशिक)

पहिल्या पानापासून वाचू नका. प्रस्तावनेत सगळेच शेतकरी, महिला आणि तरुणांचे असतात. आपल्याला लागू होणारे दोन-तीन विषय ठरवा, उदाहरणार्थ कांदा, शाळा, पेन्शन, आणि सगळ्या पक्षांची तेवढीच पानं काढा.

मग क्रियापद पाहा. ‘कायदा करू’, ‘समिती नेमू’ आणि ‘प्रोत्साहन देऊ’ या तिन्हींची किंमत वेगवेगळी. शेवटच्यात पक्षाने स्वतःला कशातच बांधून घेतलेलं नसतं.

नंतर अधिकार कुणाचा, ते तपासा. कांद्याची निर्यातबंदी केंद्राच्या हातात आहे. विधानसभेच्या जाहीरनाम्यात कुणी ‘निर्यातबंदी होऊ देणार नाही’ लिहिलं, तर त्याचा अर्थ दिल्लीला विनंती करू, इतकाच. सर्वाधिक फसगत इथे होते.

रक्कम आली की स्वतः गुणाकार करा. लाभार्थी महिला दोन कोटी धरल्या तर महिना 1,500 ने (निवडणुकीच्या वेळी मिळत होते तेवढेच) वर्षाचे 36,000 कोटी होतात, 2,100 ने 50,400 कोटी आणि 3,000 ने 72,000 कोटी. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी तरतूद होती 36,000 कोटींची. म्हणजे 2,100 चं काय झालं, हे कुणाच्या भाषणाची वाट न पाहता मार्च 2025 मध्येच कळत होतं.

शेवटी, काय गाळलंय ते मागच्या जाहीरनाम्याशी ताडून पाहा. भाजपच्या 2019 च्या संकल्पपत्रात एनआरसी (नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही) होती, 2024 मध्ये नाही. काँग्रेसने 2022 मध्ये हिमाचलात जुन्या पेन्शनवर प्रचार केला, 2024 च्या राष्ट्रीय जाहीरनाम्यात ती गायब. आमच्या मते गाळलेली ओळ छापलेल्या ओळीपेक्षा जास्त बोलते.

प्रश्न : दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी यांच्यात वैचारिक फरक नेमका कोणता? (ठाणे)

फूट विचारांवरून पडली असं दोन्हीकडचे सांगतात, पण कागद तसं फारसं म्हणत नाही. दोन्ही सेना बाळासाहेबांचं हिंदुत्व सांगतात, दोन्ही राष्ट्रवादी शाहू-फुले-आंबेडकर. फरक दिसतो सभागृहातल्या मतांत. एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत 288 विरुद्ध 232 मतांनी मंजूर झालं. शिंदे आणि अजित पवार गट बाजूने होते, ठाकरे आणि शरद पवार गट विरोधात.

मित्रपक्ष बदलले की मतही कसं सरकतं, ते एकसंध शिवसेनेतच पाहायला मिळालं. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला तिने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला. महाविकास आघाडीचं सरकार तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचं होतं.

एक अडचण लक्षात ठेवा. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, तेव्हा कोणत्या सदस्याने काय मत दिलं याची नोंद राहत नाही. मतविभागणी मागितली गेली तरच नावनिशीवार यादी मिळते.

प्रश्न : भाजपच्या घटनेत ‘समाजवाद’ आहे, हे खरं का? (बेळगाव)

खरं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ नुसार, पक्षनोंदणीसाठी समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरची निष्ठा पक्षाच्या घटनेत लिहावीच लागते. पण भाजपचं तेवढ्यावर भागत नाही. 1980 मध्ये पक्ष स्थापन झाला तेव्हा ‘गांधीवादी समाजवाद’ त्याने आपणहून स्वीकारला. पक्षाच्या घटनेतल्या पंचनिष्ठांत, म्हणजे पाच मूळ निष्ठांत, आता त्या जागी ‘सामाजिक-आर्थिक प्रश्नांकडे गांधीवादी दृष्टिकोन’ असे शब्द आहेत. प्रत्यक्ष मांडणी मात्र जनसंघाचे नेते दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानवदर्शनाची, म्हणजे व्यक्ती आणि समाज एकमेकांशी जोडलेले मानणाऱ्या विचाराची. त्यावरची त्यांची चार व्याख्यानं एप्रिल 1965 मध्ये मुंबईतच झाली होती.

प्रश्न : आश्वासन पाळलं नाही म्हणून पक्षाला कोर्टात खेचता येईल? (लातूर)

नाही. जाहीरनामा हा करार नव्हे. जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खालचा भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आणि निवडणूक आयोगाला नियम करायला सांगितलं. त्यानुसार आचारसंहितेत भर पडली : आश्वासनामागचं कारण द्या, पैसा कसा उभारणार ते ढोबळमानाने सांगा. ते न सांगितल्याबद्दल थेट शिक्षा मात्र नाही, आणि पक्षांना हे चांगलं ठाऊक आहे.