सोनोग्राफी झाली, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. सर्दी झाली आणि मानेच्या डाव्या बाजूची मऊ गाठ एकदम फुगली. सोनोग्राफीत लिम्फॅटिक मालफॉर्मेशन निघालं. आता भूल देऊन एमआरआय करायला सांगितलाय. सासूबाई म्हणतात, गंडमाळ असेल, लेप लावू. एमआरआयची खरंच गरज आहे का?
– एक आई, निफाड

उत्तर : ताई, लेप लावू नका. मागे माझ्याकडे नाशिकला एक बाळ आलं, त्याच्या गाठीवर बिब्बा घातलेला. कातडी इतकी सोलली होती की सोनोग्राफीचा प्रोब टेकवायला जागा नव्हती. त्याचं रडणं अजून कानात आहे.

रिपोर्टप्रमाणे ही गंडमाळ नाही आणि कॅन्सरही नाही. लसीका म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव. तो वाहून नेणाऱ्या नळ्या आईच्या पोटातच नीट जुळल्या नाहीत की त्यांत पाणी साठून कप्पे होतात. बहुतेक मुलांत हे 2 वर्षांच्या आत दिसून येतं. सर्दी झाली किंवा कप्प्यात रक्त उतरलं, की गाठ रातोरात वाढते.

सोनोग्राफी करताना मी बाळाला आईच्या मांडीवरच ठेवते, जेल कोमट करून घेते. पडद्यावर काळे कप्पे दिसतात, मधे पातळ पांढऱ्या भिंती. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर लावला तरी कप्पे काळेच राहतात. रंगाचा एखादा ठिपका दिसलाच तर भिंतीत. वाढत्या हिमॅन्जिओमात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीत, मात्र गाठच लाल-निळ्या रंगाने भरून जाते.

म्हणजे गाठ कसली, ते कळलं. पण ती जिभेखाली, श्वासनलिकेभोवती की छातीत उतरलीय, ते सोनोग्राफीत पुरतं दिसत नाही. एमआरआयमध्ये साठलेलं पाणी पांढरंशुभ्र चमकतं, शेवटचं टोकही सापडतं. सीटीत किरणोत्सर्ग असतो, म्हणून एवढ्या लहान मुलांत आम्ही तो शक्यतो टाळतो.

तुमच्याकडे बागेत द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजतात, तसे आम्ही कप्पे मोजतो. मोठे, साधारण 1 सेंटिमीटरच्या वरचे असतील तर सुईने पाणी काढून ब्लिओमायसिनसारखं औषध आत सोडतात, त्याने ते बरेचदा आकसतात. बारीक कप्पे चिवट असतात. इलाज या मापावरच ठरतो.

भुलेआधी साधारणपणे वरचं दूध आणि जेवण 6 तास, अंगावरचं दूध 4 तास बंद. पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तरी भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. श्वास घेताना घरघर आली, गिळता येईना किंवा गाठ लाल होऊन ताप चढला, तर एमआरआयच्या तारखेची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

आणि रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. औषधानंतर गाठ किती उतरली, ते आम्ही त्याच चित्रांशी ताडून बघतो.